एक कोयता, दोन रकाने

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या ऊसतोड करणाऱ्या घराची, कामधंद्याच्या सर्वेक्षणातली ही नोंद. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. सर्वेक्षणात कळलेली गोष्ट माणसाच्या ओळखीसकट बाहेर काढायची नसते, हा या कामाचा पहिला नियम. सर्वेक्षण एका संस्थेचं होतं, नमुना लहान. व्याख्या आणि संकेतांक मात्र आम्ही सरकारी श्रमबळ सर्वेक्षणाचेच घेतले होते, म्हणजे आमचे आकडे पुढं सरकारी आकड्यांशेजारी ठेवून बघता आले असते. प्रत्येक घराला वर्षात चार भेटी: ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे. त्या पट्ट्यातली घरं माझ्याकडं होती.

घरात सहा माणसं. आजी, थोरला मुलगा, त्याची बायको, त्यांची दोन लेकरं आणि लग्नाचा राहिलेला धाकटा. बालाघाट डोंगररांगेच्या उतारावर अडीच एकर मुरमाड रान, विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत. चार शेळ्या.

ऑगस्टात गेलो तेव्हा सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. थोरला ओट्यावर बसून औताचं चऱ्हाट वळत होता.

"धंदा काय लिहू तुमचा?"

"शेती."

"वर्षभर शेतीच?"

"दसरा झाला की जातोत की तोडीला."

मीच काहीतरी विसरलोय, अशा सुरात त्यानं हे सांगितलं. त्या भागात ऊसतोडीला कुणी धंदा म्हणत नाही. माणूस शेतकरी असतो आणि कारखान्याला "जातो". शिवाय हातात कागद घेऊन आलेला माणूस योजनेचाच असणार, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. शेतकऱ्यांना केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे ६,००० रुपये सातबाऱ्यावर मिळतात, कोयत्यावर मिळत नाहीत. मग "शेती" हेच उत्तर आधी येणार. मी लिहून घेतलं: मुख्य काम स्वतःची शेती, दुय्यम काम मजुरी. पुढं कळलं की हे चुकलं होतं. त्याच्या बायकोच्या ओळीत तर याहून मोठी चूक झाली.

ती कळायची तर फॉर्म नेमकं काय विचारतो ते आधी बघावं लागेल. लोक "व्यवसाय" या एका शब्दात तीन गोष्टी कोंबतात. माणूस हातानं काय करतो, हा झाला व्यवसाय. ते काम कुठल्या उत्पादनाच्या साखळीत बसतं, तो उद्योग. आणि काम कुठल्या नात्यानं करतो, मालक म्हणून, पगारी म्हणून, रोजंदारीवर, की घरच्या धंद्यात बिनपैशाचा मदतनीस म्हणून, ती स्थिती. साखर कारखान्यातला हिशेबनीस आणि दवाखान्यातला हिशेबनीस यांचा व्यवसाय एकच, उद्योग वेगळे. तिन्हींचे संकेतांक वेगवेगळ्या पुस्तकांतून येतात. व्यवसायाचं पुस्तक म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण. आपल्याकडं ते १९५८, १९६८, २००४ आणि २०१५ साली निघालं. सध्याचं, २०१५ चं, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणावर बेतलेलं आहे. त्या जागतिक वर्गीकरणात १० मोठे गट, त्यांचे ४३ उपगट, त्याखाली १३० आणि सगळ्यात तळाला ४३६ घटक आहेत. आपण त्यापुढं आणखी चार आकडे जोडून आठ आकडी केलं. उद्योगाचं पुस्तक आम्ही २००८ चं वापरलं. स्थितीचे संकेतांक राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणवाल्यांचे: ११ म्हणजे स्वतःचं काम करणारा, २१ म्हणजे घरच्या धंद्यातला बिनपैशाचा मदतनीस, ३१ नियमित पगारी, ५१ रोजंदारी, ९२ फक्त घरकाम, ९३ घरकाम आणि सोबत सरपण-चारा गोळा करणं.

ऊसतोडीचा व्यवसाय ठरवायला अर्धा मिनिटही लागत नाही. ९२११, पीक-शेतीतले मजूर. आम्ही नोंदवायचो तीनच आकडे, ९२१. सरकारी सर्वेक्षणातही तीनच असतात. त्या तिनांत कापूस वेचणारी, दुसऱ्याची गुरं राखणारा, मत्स्यतळ्यावरचा मजूर आणि जंगलतोडीचा गडी असे सगळे येतात. ऊसतोड कामगारांना स्वतंत्र संकेतांक हवा, अशी मागणी अधूनमधून होते. मला तिच्यात फारसा दम वाटत नाही. आठ आकडी संकेतांक दिला तरी नमुन्यातून निघणारे तक्ते एक-दोन-तीन आकड्यांपाशीच थांबतात, कारण त्याखाली माणसं इतकी थोडी उरतात की अंदाज टिकत नाही.

खटकतं ते पहिल्या आकड्याचं. ९ हा गट सर्वांत कमी कौशल्याच्या कामांचा. तोच ऊस, तोच फड, पण तोडणी यंत्रावर बसलेला चालक ८ मध्ये जातो. जमिनीलगत कोयता मारायचा, कारण साखर बुडाकडं जास्त असते. पाचट सोलायचं, शेंड्याकडचं वाढं छाटायचं, मोळी अशी बांधायची की डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना सुटू नये. हे नव्या माणसाला पहिल्या हंगामात जमत नाही, हे मजुरांची टोळी नेणारा कुठलाही मुकादम सांगेल. नव्या जोडीला उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कमी मिळते ती उगाच नाही. बाजार त्या कौशल्याची किंमत करतो, पुस्तक करत नाही.

उद्योगाचा रकाना जास्त घोळाचा. ऊस शेतकऱ्याचा, तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना ऊसबिलातून कापून घेणार, आणि मजूर आणला मुकादमानं. मजूर शेतकऱ्याचा मानला तर उद्योग ०११४, ऊसलागवड. कारखान्याचा मानला तर १०७२, साखरनिर्मिती. कंत्राटी कापणी मानली तर ०१६१, पिकांना पूरक सेवा. आम्ही ०१६१ लावला, आणि व्याख्येप्रमाणे तोच बरोबर होता. परिणाम असा की साखर उद्योगात किती माणसं लागतात हे उद्योगाच्या रकान्यावरून मोजायला गेलं, तर त्या उद्योगाचा जवळजवळ सगळा कच्चा माल तोडणारी माणसं त्यात दिसत नाहीत. मजूर मुकादमाचा, असं कारखाना सांगतो. मी मधला माणूस, असं मुकादम सांगतो. आमचा संकेतांक नकळत कारखान्याच्या बाजूनं साक्ष देतो.

हे सगळं मी त्या ओट्यावर बसून मनात जुळवत होतो, तेवढ्यात बायकोची ओळ आली. ती घरामागं शेळ्यांना पाला टाकत होती. उत्तर नवऱ्यानं दिलं.

"ती घरीच असती."

"तोडीला येतात ना?"

"येती की. एकट्याचा कोयता कसा व्हईल?"

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, मोजमाप आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते, टोळी कोयत्यांत मोजतात, हिशेब कोयत्याच्या नावावर निघतो. फॉर्मची ओळ मात्र एका माणसाची. मी लिहिलं: मुख्य स्थिती ९२, घरकाम, दुय्यम ५१, रोजंदारी. तिला विचारलं नाही. संध्याकाळची धारूरची बस गाठायची होती.

नोव्हेंबरात दाराला कुलूप नव्हतं. आजी होती, लेकरं शाळेच्या हंगामी वसतिगृहामुळं गावातच राहिली होती. बाकी तिघं दसऱ्यानंतर आठवड्याभरात गेली होती, थोरली जोडी सांगली जिल्ह्यात कारखान्यावर आणि धाकटा ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर.

आता प्रश्न पडला, ही तिघं या घरात धरायची की नाहीत? नियमाप्रमाणं घराबाहेर गेलेला माणूस सहा महिन्यांच्या आत परतणार असेल तर तो याच घराचा, जास्त राहणार असेल तर नाही. हा नियम बहुतेक ठिकाणी बिनबोभाट चालतो. ऊसतोडीच्या हंगामाशी मात्र तो नेमका कडेला भिडतो, कारण हंगामच पाच-सहा महिन्यांचा. पाऊस चांगला झाला, ऊस भरपूर असला की कारखाना एप्रिल ओलांडतो. ऊस कमी असला की फेब्रुवारीतच पट्टा पडतो, म्हणजे कारखाना बंद होतो.

"आजी, कधी येतील?"

"कारखाना बंद व्हईल तवा येतेल. मला काय ठावं, बाबा."

आजीचं उत्तर खरं होतं, फॉर्मला मात्र आकडा हवा होता. गुढीपाडवा घरी होतो, असं ती मागाहून म्हणाली. तेवढ्यावर साडेपाच महिने धरून मी तिघांना घरात ठेवलं. शेजारच्या गावातल्या प्रगणकानं तशाच घरातल्या माणसांना बाहेर काढलं होतं, कारण तिथल्या म्हाताऱ्यानं "उन्हाळ्यात" एवढंच सांगितलं होतं. दोघांचंही नियमात बसत होतं. आणि जिथं ही माणसं राहतात त्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कुणी सर्वेक्षणवाला पोचलाच, तर त्याच्या नियमानं ती तिथली तात्पुरती पाहुणी. तिथंही गळणार.

जनगणनेत हाच सहा महिन्यांचा आकडा वेगळ्या कामाला येतो. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेला तो मुख्य कामगार, कमी केलेला तो सीमान्त. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली. येती, २०२७ ची, लोकसंख्येची मोजणीही फेब्रुवारीतच आहे. फेब्रुवारीत अर्धा बालाघाट ऊसतोडीसाठी घाटाखाली असतो. मोजणीच्या सबंध काळात घरी नसलेला माणूस जिथं सापडेल तिथं मोजायचा, असा जनगणनेचा दंडक. म्हणजे बीड जिल्ह्याचा हा कामगार आकड्यांत सांगली-कोल्हापूरचा होतो, तोही प्रगणक उसाच्या फडापर्यंत गेला तर.

फेब्रुवारीची भेट फोनवर गेली. आजीनं नंबर लावून दिला. रात्रीचे साडेआठ. फोन सुनेनं उचलला, नवरा गाडी भरायला गेला होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्याशी बोलत होतो.

चालू आठवड्याचा भाग सात दिवसांचा असतो. रोज कोणतं काम, किती तास, किती कमाई. तास तिनं भराभर सांगितले. पहाटे तीनला उठायचं, भाकरी, मग फड. उन्हं चढेपर्यंत तोडायचं, दुपारनंतर मोळ्या बांधायच्या, गाडी येईल तेव्हा भरायची.

"गाडी कधी येते?"

"तिला काय टायम हाय का? काल रातच्याला दोनला आली."

भाकरी करण्याचा वेळ धरायचा नाही, असं आम्हाला शिकवलेलं. भाकरी वगळून अकरा तास लिहिले. नवऱ्याचेही अकराच. त्याला भाकरी नव्हत्याच.

मग कमाई. रोजंदारीवाल्याची कमाई त्या-त्या दिवसाची, हातात पडलेली किंवा येणं झालेली, लिहायची. या जोडीच्या हातात आठवड्याला धान्य-किराण्यापुरती खर्ची पडत होती. बाकी पैसे उचल म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरातच घेतलेले. त्यातून बँकेचं थकलेलं, सोयाबीनच्या फवारणीचं आणि पत्र्याचं भागवलेलं. तोड म्हणजे ती फेड. रोकड बघितली तर कमाई जवळजवळ शून्य, काम बघितलं तर येणं रोजचं. आम्हाला येणं धरायचं होतं, म्हणून टनावर आलो. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ झाल्यावर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला होता, वाहतुकीच्या प्रकारानुसार थोडा इकडं-तिकडं. दिवसाला दोन टन तिनं सांगितले. ७३२ रुपये, एका कोयत्याचे.

पण रकाने दोन होते. एकात सगळे लिहून दुसऱ्यात शून्य लिहिलं, तर ती आपोआप २१ मध्ये, बिनपैशाच्या मदतनीसांत सरकते. आणि हे चूकच, कारण ऊसतोड हा काही घरचा धंदा नव्हे. दोघंही दुसऱ्याच्या कामावरचे मजूर. मी तिला विचारलं, निम्मे-निम्मे लिहू का?

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "लिवा. कागदावर तर घेऊ द्या निम्मे."

३६६ आणि ३६६. या आकड्याबद्दल मला आजही खात्री वाटत नाही. श्रमाच्या मापानं तो बरोबर असेल, पण उचल एकाच्या अंगठ्यावर दिली-घेतली जाते आणि हिशेबाची वही मुकादमाकडं असते. बायकांच्या मजुरीच्या सरासरीत माझे ३६६ मिसळले, तेव्हा तो पैसा तिच्या हातात पडतो असा अर्थ तक्ता वाचणारा काढणार. शून्य लिहिलं असतं तर त्याहून वाईट अर्थ निघाला असता.

फोन ठेवण्याआधी तिनं आपणहून एक गोष्ट सांगितली, फॉर्ममध्ये जिला जागाच नव्हती. वाढ्याची. उसाचे शेंडे ती संध्याकाळी रस्त्याकडेला दुधाच्या जनावरवाल्यांना विकते. ते पैसे उचलीत धरत नाहीत, तेल-मिठाला जातात आणि तिच्याकडंच राहतात. हे तिचं स्वतःचं काम झालं, स्थिती ११. एका दिवसात दोन कामं नोंदवता येतात, म्हणून मी ते दुसऱ्या ओळीत घातलं. पर्यवेक्षकांनी तिथं लाल रेघ मारून विचारलं की मजुरीवर असलेली बाई त्याच दिवशी स्वयंरोजगारी कशी? समजावल्यावर ओळ राहिली.

नमुन्यात चार घरं सोडून मुकादमाचंही घर होतं. त्याचं थोडक्यात. पूर्वी तो स्वतः कोयत्यावर गेलेला. आता वाहतूकदाराकडून पैसे उचलून वीस-पंचवीस कोयत्यांना वाटतो, टोळी नेतो, कमिशन घेतो. मजूर पुरवणारा म्हणून त्याला ३३३३ लागतो. हा आकडा तिसऱ्या मोठ्या गटातला, म्हणजे तंत्रज्ञ आणि सहव्यावसायिकांच्या पंक्तीतला. एकाच टोळीत एक माणूस ३ मध्ये आणि बाकी सगळे ९ मध्ये. टोळी पळाली की उचल त्याच्या अंगावर येते, ही त्याची जोखीम मात्र कुठल्याच रकान्यात मावत नाही.

धाकट्याचा प्रश्न तसा सोपा निघाला. ट्रॅक्टर रानात चालवला तर ८३४१. दोन ट्रॉल्या लावून डांबरी रस्त्यानं कारखान्याला नेला तर तो मालवाहतुकीचा चालक. वर्षातले जास्त दिवस रस्त्यावर, म्हणून वाहतूक.

मेमध्ये सगळे घरी होते. कारखाना मार्चच्या शेवटी बंद झाला होता, म्हणजे माझे साडेपाच महिने खरे निघाले, निव्वळ नशिबानं. या वेळी मी आधी सुनेपाशी बसलो. "वर्षात किती महिने काम?" असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर "कामच की बारा म्हैने" असं येतं. सणांवरून गेलो. आखाडीला काय चालू होतं? पोळ्याला? घट बसले तेव्हा?

आखाडी ते पोळा दुसऱ्याच्या रानात खुरपणी, मध्येमध्ये स्वतःच्या. धरून सव्वा महिना. घट बसायच्या आगेमागे सोयाबीन काढणी गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, पाच बायकांनी मिळून, वीस दिवस. दसऱ्यानंतर पाडव्यापर्यंत फड. पेरणीचे आठ-दहा दिवस स्वतःच्या रानात. बेरीज साडेसात महिन्यांच्या आसपास. शेळ्या यात धरल्याच नाहीत. धरल्या तर वर्ष भरून उरलं असतं.

मुख्य स्थिती ठरवायची रीत दोन पायऱ्यांची. आधी बघायचं, वर्षातला जास्त वेळ कामात गेला की कामाबाहेर. कामात गेला असेल तरच पुढची पायरी: त्यातलं सगळ्यात लांबलेलं काम कोणतं. ऑगस्टात मी फक्त तोडीचे पाच महिने धरले होते. पाच महिने काम, सात महिने घर, म्हणून मुख्य ९२. खुरपणी आणि काढणी धरली की पहिली पायरीच उलटते. मुख्य ५१, व्यवसाय ९२१. गृहिणीची मजूर झाली, आणि बदल काय झाला होता तर मी दोन प्रश्न जास्त विचारले होते आणि ते तिला विचारले होते. मुख्य आणि दुय्यम धरून काढलेल्या एकूण आकड्यात ती आधीही होतीच, दुय्यमाच्या जोरावर. पण फक्त मुख्य स्थितीच्या तक्त्यात, आणि जनगणनेच्या मुख्य-सीमान्त या वाटणीत, तिची जागा या दोन प्रश्नांवर अडलेली असते.

नवऱ्याचीही ओळ फिरली. शेती चार महिने, तोड साडेपाच. मुख्य काम मजुरी, शेती दुय्यम. हे त्याला पटलं नाही.

"रान हाय ना आमचं. मजूर कशाला लिवता?"

रानाची नोंद खाली आहे, असं मी दाखवलं. तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. माझ्या जागी दुसरा प्रगणक असता आणि तो हट्टाला पेटला असता, तर "शेती"च राहिली असती.

त्या घरावरून आम्ही फॉर्ममध्ये दोन बदल केले. कामाच्या महिन्यांचा प्रश्न काढून मराठी महिन्यांचा आणि सणांचा एक आडवा पट्टा घातला, प्रत्येक बाईसाठी वेगळा, आणि तो तिनंच भरून द्यायचा अशी सूचना लिहिली. मजुरीच्या रकान्याशेजारी एक चौकोन वाढवला: मजुरी एकट्याची की कोयत्याची. "कोयत्याची" वर खूण असेल तर ती रक्कम बायकांच्या सरासरीत न घालता वेगळी काढायची. तिसरा बदल मी सुचवला होता, उचलीची रक्कम आणि ती कुणाच्या नावावर आहे हे विचारण्याचा. तो नाकारला गेला. उचल हे कर्ज आहे, कर्ज श्रमबळाच्या फॉर्ममध्ये विचारत नाहीत, असं कारण मिळालं. कर्जाचं सर्वेक्षण वेगळं असतं, हे खरंच आहे. पण त्या सर्वेक्षणात ही रक्कम विचारली की समोरचा म्हणतो, ती तर मजुरी.